वसंताचे यजमान : रवींद्रनाथ ठाकूर

माघ महिना सरत आला की आंब्याला मोहोर येतो, पळस आणि पांगारा लाल फुलांनी भरून जातात आणि कोठून तरी कोकिळेचा स्वर ऐकू येऊ लागतो. वसंत आल्याची ही चाहूल खेड्यातल्या माणसाला लागते, तशी शहरातल्यालाही लागते. परंतु आलेल्या ऋतूचे घरी आलेल्या पाहुण्याप्रमाणे स्वागत करावे, त्याच्यासाठी गाणी रचावीत, नाटक बसवावे आणि लहानथोरांनी मिळून त्याचा उत्सव करावा, असे मनात आणणारे थोडेच. बंगालमधील शांतिनिकेतन या आश्रमात असा उत्सव सुरू झाला आणि पुढे तो साऱ्या देशाला ठाऊक झाला. ज्या महाकवीच्या गीतांनी तो उत्सव गाजला, त्यांचे नाव रवींद्रनाथ ठाकूर. आपल्या राष्ट्रगीताचे रचनाकार म्हणून आपण त्यांना ओळखतोच. पण त्या उत्सवाचा पहिला दिवा एका दहा वर्षांच्या मुलाने लावला होता, हे फार थोड्यांना माहीत असते.

रवींद्रनाथांचा जन्म ७ मे १८६१ रोजी कोलकात्यात जोडासांको भागातील ठाकूरवाड्यात झाला. वडील देवेंद्रनाथ हे मोठे धर्मचिंतक होते. लोक त्यांना आदराने महर्षी म्हणत. आईचे नाव शारदादेवी. घर संपन्न होते आणि माणसांनी भरलेले होते. त्या घरात गायन-वादन नित्य चाले. थोरले बंधू द्विजेंद्रनाथ तत्त्वज्ञ आणि कवी होते. दुसरे बंधू ज्योतिरिंद्रनाथ नाटके लिहीत. ज्योतिरिंद्रनाथ पियानोवर नवनव्या चाली वाजवीत आणि धाकट्या रवीने त्या चालींना शोभतील असे शब्द जुळवावेत, असा खेळ चाले. या खेळातूनच पुढे दोन हजारांहून अधिक गीते रचणारा कवी घडत होता.

घरातल्या मंडळींनीच नाटक लिहावे, त्यांनीच ते बसवावे आणि अंगणात रंगमंच उभारून आप्तेष्टांपुढे करून दाखवावे, ही या वाड्याची रीत होती. १८८१ साली रवींद्रनाथांनी 'वाल्मीकिप्रतिभा' हे गीतिनाट्य लिहिले. लूटमार करणाऱ्या दरोडेखोराच्या मनात एका असहाय मुलीला पाहून दया उपजते आणि तो आदिकवी होतो, अशी त्याची कथा. विलायतेत ऐकलेल्या काही सुरावटी रवींद्रनाथांनी त्यात मोठ्या खुबीने मिसळल्या होत्या. वीस वर्षांच्या आतल्या या कवीने स्वतः वाल्मीकीची भूमिका केली आणि त्यांची पुतणी प्रतिभा सरस्वती झाली. नाटक म्हणजे घरातल्या साऱ्यांनी मिळून करावयाचे आनंदाचे काम, हा संस्कार त्यांच्या मनावर तेथेच उमटला.

शाळेचा अनुभव मात्र अगदी उलट होता. चार भिंती, कठोर मास्तर आणि घोकंपट्टी यांत रवीचा जीव गुदमरे. त्याने एकामागून एक शाळा बदलल्या आणि अखेर शाळेचे नावच सोडले. घरीही लहानपणी तो नोकरांच्या पहाऱ्यात वाढला. एक नोकर खोलीत खडूने वर्तुळ आखी आणि त्याबाहेर पाऊल टाकण्याची मनाई करी. त्या वर्तुळात बसून रवी तासन् तास खिडकीबाहेर पाही. बाहेर एक तळे होते, तळ्याच्या काठी पारंब्या सोडलेला वड होता. सकाळचे ऊन, दुपारची शांतता, पावसाचे पाणी हे सारे त्याला खिडकीच्या गजांतून दिसे, पण हाताला लागत नसे. निसर्गाची ही तहान त्याच्या मनात खोल रुजली.

ती तहान भागली ती अकराव्या वर्षी. १८७३ साली मुंज झाल्यावर देवेंद्रनाथांनी रवीला आपल्याबरोबर हिमालयाच्या प्रवासास नेले. वाटेत काही दिवस मुक्काम पडला तो वीरभूम जिल्ह्यातील बोलपूर गावाजवळ. तेथे दहा वर्षांपूर्वी, १८६३ साली, देवेंद्रनाथांनी वीस बिघे माळरान कायमच्या पट्ट्याने घेतले होते आणि ध्यानधारणेसाठी एक घर बांधले होते. तांबडी माती, दूरवर पसरलेले मोकळे माळ, पावसाने कोरलेल्या घळी आणि सावलीला सातवीणीची दोन झाडे, एवढेच तेथील वैभव. पण मुलाला तेथे हवे तिकडे फिरण्याची मुभा होती. घळींतून हिंडून तो अंगरख्याच्या ओच्यात रंगीबेरंगी खडे गोळा करून आणी आणि वडिलांपुढे ओती. वडील त्याला रागे भरत नसत. उलट त्या खड्यांचे कौतुक करीत. मुलाच्या आनंदाला मान देणारे हे वडील आणि हे माळरान रवींद्रनाथ कधी विसरले नाहीत. याच जागेचे नाव शांतिनिकेतन.

पुढे १८७८ साली विलायतेस जाण्यापूर्वी ते मुंबईत डॉक्टर आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांच्या घरी इंग्रजी बोलण्याचा सराव करण्यासाठी राहिले. त्यांचे बंधू सत्येंद्रनाथ मुंबई इलाख्यात न्यायाधीश होते आणि त्यांनी तुकाराममहाराजांचे काही अभंग बंगालीत उतरविले होते. कारवारला ते नेमणुकीवर असताना रवींद्रनाथ त्यांच्याकडे गेले आणि तेथील समुद्रकाठी त्यांनी 'प्रकृतीर प्रतिशोध' हे नाटक लिहिले. जग सोडून गेलेल्या एका संन्याशाला एका अनाथ मुलीची माया पुन्हा माणसांत आणते, हा त्या नाटकाचा विषय. माणूस, सृष्टी आणि आनंद यांची ताटातूट होऊ नये, हा विचार त्यांच्या मनात तेव्हापासून पक्का होत होता.

वयाच्या चाळिशीत रवींद्रनाथांनी हा विचार कृतीत आणला. २२ डिसेंबर १९०१ रोजी त्यांनी शांतिनिकेतनात एक लहानशी शाळा काढली. आरंभी विद्यार्थी होते अवघे पाच. त्यांत त्यांचा स्वतःचा थोरला मुलगा रथींद्रनाथ हाही होता. या शाळेला वर्गाच्या भिंती नव्हत्या. झाडाखाली आपापले आसन अंथरून मुले बसत. पुस्तकाइतकेच महत्त्व आकाशाला, झाडांना आणि गाण्याला होते. पण शाळा चालवावयास पैसा लागे. रवींद्रनाथांनी जगन्नाथपुरीचे आपले घर विकले. पत्नी मृणालिनीदेवींनी आपले दागिने दिले आणि आश्रमातील मुलांसाठी त्या स्वतः स्वयंपाक करू लागल्या.

हे सुख फार काळ टिकले नाही. शाळेला वर्षही पुरते झाले नव्हते, तोच नोव्हेंबर १९०२ मध्ये मृणालिनीदेवींचे निधन झाले. पुढच्याच वर्षी मधली मुलगी रेणुका क्षयाने गेली. १९०५ साली महर्षी देवेंद्रनाथांनी देह ठेवला. एकामागून एक आघात होत होते. पण रवींद्रनाथांनी शाळेचे काम थांबविले नाही. ते मुलांना शिकवीत, त्यांच्यासाठी गाणी रचीत आणि सायंकाळी त्यांना गोष्टी सांगत. पाचांचे दहा आणि दहांचे अनेक विद्यार्थी झाले.

या मुलांत रवींद्रनाथांचा सर्वांत धाकटा मुलगा शमींद्रनाथ होता. सारे त्याला शमी म्हणत. शमी हुशार होता, कोमल मनाचा होता आणि वडिलांप्रमाणेच त्याला नाटकाची व कवितेची विलक्षण आवड होती. १९०७ साली वसंतपंचमीच्या दिवशी शमीने आपल्या सवंगड्यांना घेऊन एक खेळ केला. त्याला नाव दिले ऋतूत्सव. मुलांनीच ऋतूंची सोंगे घेतली. कोणी वर्षाऋतू झाले, कोणी शरद झाले. शमी स्वतः वसंत झाला. मुलांनी गाणी म्हटली आणि आश्रमात ऋतूंचा जणू दरबार भरला. कोणा मोठ्या नाटककाराने रचलेला हा प्रयोग नव्हता. ज्यांना झाडाखाली बसून शिकविले होते, त्या मुलांना झाडांचे ऋण फेडावेसे वाटले, एवढेच त्यामागे होते. शांतिनिकेतनातील ऋतूंच्या उत्सवांचा आरंभ या दिवसापासून मानला जातो.

त्याच वर्षी दुर्गापूजेच्या सुटीत शमी एका मित्राबरोबर बिहारमधील मुंगेर येथे त्याच्या नातलगांकडे गेला. तेथे त्याला पटकी झाली. तार मिळताच रवींद्रनाथ तेथे धावून गेले. पण त्या काळी या रोगापुढे वैद्यांचे फारसे चालत नसे. नोव्हेंबर १९०७ मध्ये शमी गेला. बंगाली पंचांगाप्रमाणे पाच वर्षांपूर्वी ज्या तारखेस त्याची आई गेली होती, तीच ती तारीख होती. अकरा वर्षे पुरी होण्यास त्याला काही दिवसच उरले होते.

मुंगेरहून परतताना रवींद्रनाथ रात्रीच्या गाडीत बसले होते. बाहेर चांदण्यात आकाश न्हाऊन निघाले होते. पुष्कळ वर्षांनी, दुसऱ्या एका शोकाच्या प्रसंगी, त्यांनी त्या रात्रीची आठवण लिहून ठेवली. विश्वात कोठेही काही उणे पडल्याची खूण त्यांना त्या रात्री दिसली नाही. मग त्यांच्या मनाने कौल दिला की, या साऱ्यात आपणही आहोत आणि या साऱ्यासाठी आपले काम अजून शिल्लक आहे. आश्रमात परत आल्यावर ते पुन्हा आपल्या कामाला लागले. कोणापुढे त्यांनी आपले दुःख उगाळले नाही.

शमीने आरंभिलेला ऋतूंचा खेळ मात्र त्यांनी बंद पडू दिला नाही. पुढच्याच वर्षी, १९०८ साली, त्यांनी आश्रमातील मुलांना करता यावे म्हणून 'शारदोत्सव' हे नाटक लिहिले. शरदाची सुटी लागली आहे, मुले रानात हिंडत आहेत आणि उपनंद नावाचा एक मुलगा मात्र आपल्या मृत गुरूचे कर्ज फेडण्यासाठी पोथी उतरून काढीत बसला आहे. इतर मुले खेळ सोडून त्याच्या भोवती जमतात. संन्याशाच्या वेषात आलेला राजा त्या मुलांत मिसळतो आणि उपनंदाच्या कष्टांतच खरा उत्सव आहे, हे ओळखतो. नाटकात स्त्रीपात्र नाही, मोठा थाटमाट नाही; मुलांनी गात-नाचत करावे असेच ते आहे. शमीच्या वयाच्या मुलांसाठी त्यांनी हे नाटक शमी गेल्यावर वर्षाच्या आत लिहिले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

शांतिनिकेतनातील नाटकाची तालीम हा सुद्धा एक सोहळाच असे. रवींद्रनाथ नवे नाटक प्रथम स्वतः वाचून दाखवीत. तालमीला शिक्षक आणि विद्यार्थी सारखेच हजर राहत. कधी शिक्षक शिपायाची भूमिका करी आणि त्याचा विद्यार्थी राजा होई. ज्यांना भूमिका मिळाली नसे, तेही ऐकून ऐकून सारी गाणी पाठ करीत. गाण्यांची जबाबदारी मुख्यतः दिनेंद्रनाथांवर असे. हे रवींद्रनाथांच्या थोरल्या बंधूंचे नातू. कवींना चाल सुचली की ते दिनेंद्रनाथांना बोलावून घेत, कारण काही दिवसांनी ती स्वतः त्यांनाच आठवत नसे. दिनेंद्रनाथ मात्र ती अचूक ध्यानात ठेवीत, तिची स्वरलिपी करीत आणि मुलांना शिकवीत. आपल्या महाराष्ट्रातून गेलेले पंडित भीमराव शास्त्री हे आश्रमात शास्त्रीय संगीत शिकवीत. रवींद्रनाथांची काही गीते त्यांनी नागरी लिपीतील स्वरलेखनात उतरविली, म्हणून बंगालबाहेरच्या लोकांनाही ती म्हणता येऊ लागली.

१९१३ साली रवींद्रनाथांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा मान मिळविणारे ते आशियातील पहिले साहित्यिक. पारितोषिकाची रक्कम त्यांनी शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या एका पेढीत ठेवली आणि तिच्या व्याजातून शाळेला साहाय्य मिळावे अशी योजना केली. जगभर कीर्ती पसरली, तरी त्यांचे मन आश्रमातील मुलांतच रमत होते. १९१५ साली वसंतऋतूत त्यांनी 'फाल्गुनी' हे नाटक लिहिले. तरुणांची एक टोळी म्हाताऱ्याला पकडावयास निघते. हा म्हातारा म्हणजे सर्वांना गिळून टाकणारा हिवाळा, जरा आणि मृत्यू. वाटेत त्यांना एक आंधळा बाऊल, म्हणजे गात फिरणारा बैरागी, भेटतो. डोळ्यांनी दिसत नसले तरी तो गाण्याच्या आधाराने वाट दाखवितो. टोळीतला चंद्रहास अंधाऱ्या गुहेत शिरतो. सारे काळजीने वाट पाहतात. अखेर गुहेतून जो बाहेर येतो तो म्हातारा नसून त्यांचाच तरुण सरदार असतो. पाठीमागून पाहिले तेव्हा जो हिवाळा वाटला, तोच समोरून पाहिला तेव्हा वसंत ठरला.

हे नाटक प्रथम शांतिनिकेतनात झाले. रवींद्रनाथांनी आंधळ्या बाऊलाची भूमिका केली. त्या वेळी त्यांचे वय चोपन्न वर्षांच्या आसपास होते. पुढे बंगालमधील बाँकुडा जिल्ह्यात दुष्काळ पडला, तेव्हा दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी जानेवारी १९१६ मध्ये जोडासांकोच्या वाड्यात 'फाल्गुनी'चा प्रयोग करण्यात आला. त्या काळच्या नाटक मंडळ्यांप्रमाणे राजवाडे आणि उपवने रंगविलेले पडदे तेथे नव्हते. प्रेक्षकाच्या कल्पनाशक्तीला पडद्याची गरज नसते, असे रवींद्रनाथांचे मत होते. मागे निळा पडदा आणि झाडाची फांदी, एवढ्यावर वसंत उभा राहिला. आश्रमातल्या मुलांच्या खेळाने भुकेलेल्यांच्या ताटात अन्न पडले.

यानंतर १९२३ साली रवींद्रनाथांनी 'वसंत' नावाचे गीतिनाट्य रचले. त्यात झाडे, वेली, वारा आणि नदी हीही पात्रे आहेत. त्या सुमारास काझी नजरुल इस्लाम हे तरुण कवी इंग्रज सरकारविरुद्ध लिहिल्याबद्दल तुरुंगवास भोगीत होते. वसंताचे हे नाटक रवींद्रनाथांनी त्यांना अर्पण केले आणि पुस्तकाची प्रत तुरुंगात त्यांच्याकडे पोचविली. भिंतींच्या आड असलेल्या कवीकडे वसंत पाठविण्याची ही त्यांची रीत होती. चार वर्षांपूर्वी, १९१९ साली, जालियनवाला बागेतील हत्याकांडाचा निषेध म्हणून त्यांनी सरकारने दिलेला सर हा किताब सोडला होता. गाण्यात रंगणारा हा कवी प्रसंगी किती निर्भय होई, हे या दोन गोष्टींवरून कळते.

मुलींच्या बाबतीतही त्यांना निर्भयपणाच दाखवावा लागला. त्या काळी चांगल्या घरातील मुलींनी लोकांपुढे नृत्य करणे निंद्य समजत. १९१९ साली सिल्हेट येथे रवींद्रनाथांनी मणिपुरी नृत्य पाहिले. त्याचे सौंदर्य आणि त्यातील भक्तिभाव पाहून ते प्रभावित झाले आणि त्रिपुरा संस्थानातून एक मणिपुरी नृत्यशिक्षक त्यांनी आश्रमात आणविला. १९२६ साली त्यांनी 'नटीर पूजा' हे नाटक लिहिले. राजाने बुद्धाची पूजा करण्यास बंदी केली असता श्रीमती नावाची एक नर्तकी आपले नृत्य हीच पूजा मानते आणि त्यासाठी प्राण देते, अशी त्याची कथा. सर्व भूमिका आश्रमातील मुलींनी केल्या. चित्रकार नंदलाल बोस यांची कन्या गौरी हिने श्रीमतीचे नृत्य केले. पुढच्या वर्षी कोलकात्यात हा प्रयोग व्हावयाचा होता, तेव्हा टीकेचे बोट मुलींकडे वळू नये म्हणून रवींद्रनाथांनी नाटकात एका भिक्षूची भूमिका नव्याने घातली आणि स्वतः रंगमंचावर उभे राहिले. ज्या मुलींच्या पाठीशी हे वृद्ध कवी होते, त्यांना नावे ठेवण्याचे धैर्य फारसे कोणाला झाले नाही. त्यानंतर सुशिक्षित घरांतील मुलींना नृत्याची वाट मोकळी होऊ लागली.

अशा रीतीने शमीच्या लहानशा खेळाला मोठ्या उत्सवाचे रूप आले. फाल्गुनी पौर्णिमेला, म्हणजे आपण होळीचा सण करतो त्या दिवसांत, शांतिनिकेतनात वसंतोत्सव होऊ लागला. सकाळीच मुलेमुली पिवळी वस्त्रे लेऊन, पळसाची फुले माळून गात-नाचत मिरवणुकीने निघत आणि आम्रकुंजात जमत. भुईवर रांगोळीसारखी आलपना रेखाटलेली असे. मोहोराच्या सुगंधात गाणी होत, नृत्य होई, कवितावाचन होई आणि मग एकमेकांना गुलाल लावला जाई. चिखलफेक आणि आरडाओरडा यांना तेथे थारा नव्हता. सायंकाळी पुन्हा गीते किंवा नाटक होई. पावसाळ्यात वर्षामंगल होई. १९२८ पासून वृक्षारोपणाचा उत्सव सुरू झाला. आश्रमाचे वर्ष अशा रीतीने ऋतूंच्या तालावर चालू लागले.

१९२१ साली शाळेच्या जोडीला विश्वभारती हे विद्यापीठ स्थापन झाले. देशोदेशींचे पंडित तेथे आले. पण पैशाची चणचण कधी संपली नाही. म्हणून उतारवयात रवींद्रनाथ विद्यार्थ्यांचा संच घेऊन गावोगाव प्रयोग करीत फिरले. १९३३ साली ते मुंबईसही आले होते. १९३६ साली 'चित्रांगदा' या नृत्यनाट्याचे प्रयोग करीत ते दिल्लीला पोचले, तेव्हा त्यांचे वय पंचाहत्तरीला टेकले होते आणि प्रकृती थकली होती. या वयात कवीने संस्थेसाठी पैसे गोळा करीत फिरावे, हे महात्मा गांधींना पाहवेना. त्यांनी खटपट करून साठ हजार रुपये मिळवून दिले आणि कवींची ही दगदग थांबविली.

७ ऑगस्ट १९४१ रोजी, भर श्रावणात, रवींद्रनाथांनी जोडासांकोच्या वाड्यात देह ठेवला. वैशाखात जन्मलेला हा कवी ज्या पावसावर त्याने असंख्य गीते रचली, त्या पावसाच्या दिवसांत गेला. स्वातंत्र्यानंतर १९५१ साली भारत सरकारने विश्वभारतीला केंद्रीय विद्यापीठाचा दर्जा दिला. २०२३ साली शांतिनिकेतनाचा समावेश जागतिक वारसास्थळांच्या यादीत झाला. वसंतोत्सवाची कीर्ती तर इतकी पसरली की, लाखो लोक तेथे लोटू लागले आणि अलीकडे संस्थेला बाहेरच्या गर्दीस आवर घालावा लागला.

उत्सव करण्यास धन लागते, नावाजलेले नट लागतात आणि भव्य नाट्यगृह लागते, अशी पुष्कळांची समजूत असते. शांतिनिकेतनाची ही हकीकत वेगळे सांगते. १९०७ सालच्या त्या वसंतपंचमीला तेथे मोकळे माळरान होते, झाडे होती आणि काही मुले होती. त्यांच्यातला एक मुलगा वसंत झाला. तो लवकरच निघून गेला. पण त्याच्या वडिलांनी आपल्या शोकाला गाण्याचे रूप दिले आणि ते गाणे इतर मुलांच्या ओठांवर ठेवले. म्हणून आजही फाल्गुनात पळस फुलला की, बंगालमधील शाळाशाळांतून आणि अंगणांतून मुले रवींद्रनाथांची गीते गात वसंताला सामोरी जातात.